जठर हळू रिकामं होतं हे कळलं, पण आईला दुसऱ्या घासालाच गच्च का होतं?

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. वय ६६, डायबेटीस खूप वर्षांचा, इन्सुलिन चालू आहे. दिवाळीपासून तिचं जेवणच तुटलंय, चतकोर भाकरी खाल्ली की पोट दगडासारखं होतं, मळमळ, ढेकरा, आणि कधी कधी सकाळची मेथीची भाजी रात्री तशीच्या तशी उलटून पडायची. एंडोस्कोपीत अल्सर, अडथळा काही निघालं नाही, म्हणून स्कॅन केला. इडलीत किंचित किरणोत्सारी औषध घालून खायला दिली आणि चार तास अधूनमधून फोटो काढले. चार तासांनी पोटात १० टक्क्यांच्या वर उरायला नको, आईचं १८ टक्के उरलं. निदान गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे अडथळा नसताना जठर हळू रिकामं होणं.

आता डॉक्टर म्हणतात १८ म्हणजे फार नाही, मग त्रास एवढा का? डॉम्पेरिडोनने उलट्या थांबल्या पण गच्चपणा आहे तस्साच, आणि तो तर दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच येतो, तेव्हा पोट रिकामं व्हायला अजून सुरुवात तरी कुठे झालेली असते? मला समजलं ते असं की शुगरने व्हेगस नर्व्ह (मेंदूकडून जठराकडे येणारी नस) खराब होते, मग घास आला की जठराचा वरचा भाग सैल होऊन जागा करतो ते नीट होत नाही, शिवाय आतल्या नसा हळव्या झाल्या की थोडा ताणही सोसत नाही. म्हणूनच रिकामं व्हायचा वेग आणि त्रास यांचा मेळ बसत नाही. हे बरोबर आहे ना? आणि जागा होते की नाही हे तपासायची सोय पुण्या-मुंबईकडे कुठे आहे का?

खरी भीती वेगळीच आहे. जेवणाआधी इन्सुलिन घेतलं की अन्न पोटातच बसून राहतं आणि शुगर ५८, आई घामाने चिंब, हात लटलटतायत, आणि मध्यरात्री तीच शुगर २८० ला. जेवणानंतर इन्सुलिन द्यायला कुणाला डॉक्टरांनी सांगितलंय का? आम्ही आपल्या मनाने काही बदलणार नाही, फक्त नीट विचारता यावं म्हणून.

मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, गाळलेलं सूप थोडं थोडं करून जातं. पण ताकद यावी म्हणून मावशी भरपूर तूप घालून शिरा आणते आणि तुपाने पोट अजूनच हळू चालतं, तिला कसं सांगू कळत नाही.

मंगळवारी अपॉइंटमेंट आहे, ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी त्याआधी लिहिलंत तर फार बरं होईल.