मदत हवी आहे : हे काबुकी नटाचं चित्र एदोचं की ओसाकाचं?

मामांच्या संग्रहातून काबुकी (जपानचं पारंपरिक नाटक) नटाचं, लाकडी ठशांनी छापलेलं एक जपानी चित्र माझ्याकडे आलं आहे. मागे पेन्सिलीने 'एदो, कुनिसादा' असं लिहिलंय, म्हणजे एदोतला (आजचं टोकियो) चित्रकार कुनिसादा. मला ते पटत नाही, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

चित्र साधारण 25 बाय 18 सेंटिमीटरचं, नट छातीपर्यंतच दिसतो. एदोतली नटांची चित्रं बहुधा याच्या जवळजवळ दुप्पट कागदावर असतात. ओसाकात मात्र हा लहान आकार 1847 नंतर रुळला. 1842 च्या सुधारणांमध्ये सरकारने नटांच्या चित्रांवर बंदी घातली होती, आणि तिथे ती पुन्हा निघू लागली तेव्हा नटाचं नाव बहुतेकदा गाळलेलं असे. माझ्या चित्रावरही भूमिकेचंच नाव आहे. त्या काळात एदोच्या चित्रांवर असायचे ते तपासनिसांचे दोन छोटे गोल शिक्के इथे नाहीत. शिवाय 1844 पासून कुनिसादा 'तोयोकुनी' अशी सही करत होता. इथली सही दोनच अक्षरांची आहे, मला ती ओसाकाचा चित्रकार 'हिरोसादा' याची वाटते.

गोंधळ होतो तो चिन्हामुळे. बाहीवर एकात एक बसवलेले तीन चौकोन आहेत, म्हणजे दांजूरो हे नटांचं घराणं, एदोतलं सगळ्यात मानाचं. पण सातव्या दांजूरोला 1842 मध्येच ऐषारामाच्या आरोपावरून एदोतून हद्दपार केलं होतं. तेव्हा तो एबिझो या नावाने ओळखला जायचा आणि 1849 मध्ये माफी मिळेपर्यंत त्याने ओसाकाकडच्या रंगभूमीवर कामं केली. मोठाले डोळे, वय झालेला चेहरा : मला हा तोच वाटतो, एदोत गाजत असलेला त्याचा मुलगा आठवा दांजूरो नव्हे. एदोचं चिन्ह लावलेला नट ओसाकाच्या चित्रकाराने रंगवलेला असेल, तर हे चित्र मला फार मोलाचं आहे.

सही आणि भूमिकेचं नाव कुणी वाचून देईल का? फोटो जोडले आहेत. तलवार उजव्या कडेला मध्येच तुटते, तेव्हा हा दोन-तीन कागदांच्या संचातला एक भाग असावा. जोडीचा कागद कुठल्या संग्रहालयात पाहिला असेल तर जरूर कळवा. वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाचा ऑनलाइन साठा नाटकाच्या तारखेवरून कसा शोधायचा, हेही कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

आणखी एक. सोनेरी भाग काळपट-हिरवा पडलाय. ओसाकाच्या खास प्रतींत पितळेची भुकटी वापरत, ती अशीच काळवंडते ना? मुंबईच्या दमट हवेत चित्र काचेखाली लावावं की अंधारात सपाट ठेवावं?