‘सर्व्हिस डॉग’ला मराठीत काय म्हणावं?

धुळेकर: एका लेखाचं भाषांतर करतोय. अपंग माणसाच्या मदतीसाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा म्हणजे ‘सर्व्हिस डॉग’. त्याला ‘सेवाश्वान’ चालेल का? आणि घरचा कुत्रा सर्व्हिस डॉग म्हणून दुकानात, विमानात घुसवतात, त्याला ‘तोतया सेवाश्वान’ लिहू?

अमळनेरची ताई: दादा, ‘सेवा’ नको. सेवा देवाची, म्हाताऱ्या सासूची. तिला माप नाही. माझा कुत्रा माझी सेवाच करतो, असं कुणीही म्हणेल. आपण कुत्र्याला कामावरून ओळखतो. केळीच्या बागेत राखणीचा, धनगराकडे मेंढरांचा. तसा आंधळ्याला नेतो तो वाटाड्या कुत्रा. मालकाच्या रक्तातली साखर उतरल्याचं वासावरून ओळखून इशारा देणारेही असतात, म्हणून सगळ्यांना मिळून ‘मदतनीस कुत्रा’ म्हणा.

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९०चा. काम उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच गोष्टी विचारता येतात: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. अहिराणीत सांगायचं तर, ‘हाऊ कुत्रा काय काम करस?’ दाखला मागता येत नाही. म्हणूनच मदतनीस कुत्र्याचं जाकीट विकत आणून घरच्या कुत्र्यावर चढवलं की भागतं.

तिकडे अमेरिकेत लेकीकडे गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. एक आंधळे गृहस्थ लॅब्रॅडॉरच्या पट्ट्याची दांडी धरून दुकानात चाललेले. सामानाच्या गाडीत बसवलेला, लाल जाकिटातला एक छोटा कुत्रा त्याच्यावर भुंकत सुटला. लॅब्रॅडॉर अंग चोरून बाजूला सरला, दांडीबरोबर गृहस्थांचा हात ओढला गेला, खांदा फळीवर आदळला. ‘गर्दीला घाबरतो हो तो,’ मालकीण म्हणाली. मला अजून राग येतो.

आणि ‘तोतया’ही काढा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो पुढे आला, तो स्वतः खोटं बोलला. कुत्रा कुठे बोलतो? बतावणी मालकाची.

चोपडेकर: पण नुसता जीव रमवणारा कुत्रा? एकट्या माणसाला त्याचा खरंच आधार असतो.

अमळनेरची ताई: असतोच, त्याला खोटं कोण म्हणेल? पण तो लळा झाला. जानेवारी २०२१पासून तिथल्या विमान कंपन्यांवर अशा कुत्र्याला मदतनीस मानायचं बंधन नाही. मनाच्या आजारात ठरावीक काम शिकवलेला कुत्रा मात्र मदतनीसच.

धुळेकर: मग असं लिहितो: ‘घरचा कुत्रा मदतनीस असल्याची बतावणी.’ जाकिटाला ‘झूल’ म्हणू का?

अमळनेरची ताई: म्हणा. पोळ्याला आपण ती राबलेल्या बैलावरच टाकतो.