मदत हवी आहे: डायलिसिसचा पेशंट, पायात जोर नाही आणि ओटीला चार पायऱ्या

यजमानांचं वय ७४. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हाताला. घर राजापूरकडे, जुनं चिरेबंदी. अंगणातून ओटीची उंची दोन फूट. व्हीलचेअरला १:१२ उतार (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) धरला तर रॅम्प २४ फूट लांब होतो, तेवढं अंगण सरळ नाही. मध्ये सपाट टप्पा देऊन वळवलेला रॅम्प कोणी जांभ्यात बांधून घेतलाय का? टप्पा किती रुंद ठेवलात? पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा वर खडबडीत कोबा बरा की खाचांच्या लाद्या?

दुसरं, उचलणं. डायलिसिसनंतर बीपी उतरतं, एकदम उभं केलं की तोल जातो. म्हणून आधी पाय खाली सोडून थोडा वेळ बसवते, मग कमरेच्या पट्ट्याला धरून उठवते. फिस्टुलाचा हात धरून ओढायचं नाही, हे मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं! पण खुर्चीतून गाडीच्या सीटवर एकटीने कसं सरकवायचं? ट्रान्सफर बोर्ड (खुर्ची आणि सीटच्या मध्ये ठेवून त्यावरून सरकवायची फळी) लाकडी घ्यावा की प्लॅस्टिकचा?

पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलंय. पेज, सार, बर्फ सगळं त्यातच धरते. शहाळं आणि लो-सोडियम मीठ पोटॅशियममुळे बंद आहे, तेव्हा कृपया शहाळ्याचा सल्ला नको.

रॅम्पचा फोटो मापांसकट टाकलात तर गवंड्याला दाखवता येईल.