किंडरट्रान्सपोर्ट: आई-मुलीच्या निरोपाचा प्रसंग रंगमंचावर

नेपथ्य_७
किंडरट्रान्सपोर्टवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी नाझी राजवटीतली ज्यू मुलं पालकांशिवाय इंग्लंडला पाठवण्याच्या मोहिमेवर, एकांकिका लिहितोय. बर्लिन, मे १९३९. ज्यू आई सात वर्षांच्या मुलीला इंग्लंडच्या गाडीत बसवते, गाडी सुटते, आई फलाटावर धावत राहते. असं घडत असे का? मुलीजवळ काय सामान असेल? आणि आई स्वतः का जात नाही, हे थोडक्यात कसं सांगावं?

जुनी_कागदपत्रं
धावणारी आई आधी काढा. बर्लिनमध्ये पालकांना बऱ्याचदा फलाटावर सोडतच नसत. चारचौघांत रडारड दिसायला नको, म्हणून निरोप स्टेशनातल्या वेगळ्या खोलीत उरकावा लागे. नॉर्बर्ट वोलहाइम हा या गाड्यांचा बर्लिनचा संयोजक खुर्चीवर उभा राहून पालकांना 'आता निरोप घ्या' असं सांगत असे. माझ्या मते हे फलाटापेक्षा नाट्यमय आहे: दार बंद होतं, गाडी दिसतच नाही.

सामान म्हणजे मुलीला स्वतः उचलता येईल एवढी एक सूटकेस. रोख फक्त १० मार्क. दागिने, मौल्यवान वस्तू बंद. सरहद्दीवर झडती होई, तेव्हा अस्तरात अंगठी शिवणारी आई दाखवलीत तर त्यातला धोकाही दाखवा. गळ्यात क्रमांकाची पुठ्ठ्याची चिठ्ठी, तोच क्रमांक सूटकेसवर. तो पुठ्ठा ठळक असू द्या, मागच्या रांगेला दिसला पाहिजे.

हार्विच
आईचं कारण कायद्यात आहे. जर्मनीत नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांनंतर ब्रिटनने प्रवेशाची सवलत दिली ती १७ वर्षांखालच्या, एकट्या येणाऱ्या मुलांना. मोठ्यांना व्हिसा लागेच. बायकांना घरकामाच्या परवान्यावर जाता येई, काही माता तशा गेल्याही. म्हणजे 'माझा परवाना अजून आला नाही' एवढं एक वाक्य पुरे.

मुलांचा मुक्काम तात्पुरता धरला होता. पुढे दुसऱ्या देशात पाठवण्याच्या खर्चासाठी मुलामागे ५० पौंडांची हमीही घेत. त्यामुळे 'लवकरच भेटू' हे आईचं वाक्य निव्वळ समजूत घालणं नाही, कागदोपत्रीही तोच हिशेब होता. नटीने ते डोळ्यांत पाणी आणून म्हणू नये.

नेपथ्य_७
छान, फलाट गेला. अशीच मुलं वाचवणाऱ्या निकोलस विंटनचा उल्लेख चालेल का? आणि मुलीबरोबर कोणी मोठं माणूस?

जुनी_कागदपत्रं
विंटनचं काम प्रागचं, ६६९ मुलं. बर्लिनच्या गोष्टीत त्याला ओढू नका. बरोबर मोजके प्रौढ असत, पण त्यांनी परत यायचंच. कोणी इंग्लंडात राहिलं असतं तर पुढच्या गाड्याच बंद पडल्या असत्या. वोलहाइमही परतला. पुढे १९४३मध्ये त्याला आउशविट्झच्या नाझी छळछावणीत पाठवलं.

हार्विच
वाट अशी: बर्लिन, डच सरहद्द, हूक ऑफ हॉलंड हे डच बंदर, रात्रीची बोट, इंग्लंडचं हार्विच बंदर, मग बऱ्याच जणांसाठी लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन.

पत्रांचा प्रवेश करणार असाल तर मेपासून युद्ध लागेपर्यंत साधं टपाल चाले, मजकूर हवा तेवढा. नंतर रेडक्रॉसमार्फत जेमतेम २५ शब्द. दोन्ही नमुने एकापाठोपाठ वाचून घ्या, निवेदक लागणार नाही. मात्र मेच्या प्रवेशात कोणाच्या तोंडी '१ सप्टेंबर' येऊ देऊ नका. युद्ध सुरू झालं ती तारीख पात्रांना ठाऊक नाही, आणि एकांकिका बहुतेक तिथेच फसतात.