बालवाडीत पिल्लं आणायची तर

ताई, कोंबडीची पिल्लं बालवाडीत दाखवायला नेऊ का, असं तुम्ही विचारलंय. जरूर न्या, पण त्यांच्या आईलाही सोबत न्या. आमच्याकडे मालवणजवळ खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की 21 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, ती आईच्या पंखाखाली आपसूक मिळते. गेल्या पावसाळ्यात एका वर्गात नुसती पिल्लंच खोक्यातून आणलेली पाहिली. खिडकीतून झड येत होती आणि बिचारी एकमेकांवर चढून कोपऱ्यात चिवचिवत होती. मला बघवेना.

मुलांना खाली मांडी घालून बसवा. पिल्लू मोठ्या माणसाने ओंजळीत धरावं, मुलांनी एका बोटाने पाठीवरून हळूच हात फिरवावा. एक-दोन दिवसांचं असेल तर चोचीच्या टोकावरचा पांढरा कण नक्की दाखवा, त्यानेच ते कवच फोडतं. मुलं श्वास रोखून बघतात!

पापा मात्र घेऊ देऊ नका. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांखालच्यांना तो जास्त बाधतो. साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊचे डबे उघडू देऊ नका.