आंबा घाटात गाडी दम सोडते, गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोला. काय करू?

रत्नागिरी_किनारा
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची, ७ सीटर डिझेल, २.२ लिटर कॉमन रेल टर्बो, मॅन्युअल गिअर. पुण्यातून सेकंडहँड घेतली, मीटरवर आत्ता १,८४,००० किमीच्या आसपास. प्रॉब्लेम असा की रत्नागिरीहून हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्यापर्यंत गाडी एकदम मस्त, ८० ला निवांत धावते, पण साखरपा सोडून घाट चढायला लागलो की थोड्याच वेळात पिकअप जातो, चेक इंजिनचा लाईट पेटतो आणि मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आरपीएम २५०० च्या वर हलत नाही. लाईट पेटायच्या आधी मागे काळाकुट्ट धूर. बाजूला घेऊन चावी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ बरी चालते, मग चढ आला की परत तेच.

सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट होते, आयडलला आवाज एकसारखा आहे, ऑईल कमी होत नाही, कूलंट पण जागेवर. एअर फिल्टर नवीन टाकलाय. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि सांगितलं चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) गेलेत, इंजिन पण थकलंय, हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलू. खर्च लाखाच्या वर. बाबांना दर महिन्याला कोल्हापूरला तपासणीला न्यावं लागतं त्यामुळे घाट टाळता येत नाही, आणि गणपतीत मुंबईची सगळी मंडळी येणार. पैसे घालायला ना नाही पण ते योग्य जागी जायला हवेत. एवढ्या किलोमीटरला खरंच इंजिन जातं का?

पंप_नोझल_चिपळूण
दादा, हेड खोलायला अजिबात होकार देऊ नका, निदान अजून तरी. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. इंजिन थकलं असतं तर सकाळी सेल्फ खात बसली असती, निळसर धूर दिसला असता, ऑईल घटलं असतं. नोझल गळत असते तर आयडलला टकटक आवाज, थरथर आणि उभ्या गाडीत पण धूर. तुमची गाडी सपाटीला चांगली आहे आणि फक्त चढावर मरते. म्हणजे टर्बोकडून, इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याकडून, जेव्हा जास्त हवा मागितली जाते तेव्हाच ती मिळत नाहीये.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण त्या हिशोबात हवा नाही. डिझेल फिल्टर चोक असेल किंवा रेल प्रेशर, म्हणजे नोझलला जाणाऱ्या डिझेलचा दाब, कमी पडत असेल तर पॉवर जाते पण असा धूर सहसा येत नाही, कारण जाळायला डिझेलच कमी जातं. आता या गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या मापावर डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. समजा टर्बोनंतरचा, इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होजपाईप फाटलाय, तर सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच बाहेर पडते आणि डिझेल मात्र पूर्ण मापाचं जातं. मग धूर होतो, पॉवर जाते, टर्बोचा दाब हवा तेवढा झाला नाही असं ईसीएमला दिसलं की तो लाईट लावतो आणि इंजिन वाचवायला डिझेल आणि बूस्ट (टर्बोचा दाब) दोन्ही कमी करतो. त्याला लिंप मोड म्हणतात. चावी बंद-चालू केल्यावर सुटतं ते त्यामुळेच. खराब झालेला नोझल चावी फिरवून दुरुस्त होत नाही.

आधी स्कॅनर लावून ईसीएमने साठवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या आणि तो डिलीट करायच्या आधी फोटो काढा. माझा अंदाज पी ०२९९ येईल, म्हणजे टर्बोचा दाब कमी. पी ००८७ आला तर रेल प्रेशर, मग आपण फिल्टर आणि पंपाकडे जाऊ. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम पण बघायला सांगा, त्यात कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड, स्पीड काय होतं ते साठवलेलं असतं. गॅरेजवाले कोड वाचतात आणि हे बघतच नाहीत, खूप वाईट वाटतं, कारण घाटात काय झालं ते तिथेच लिहिलेलं असतं.

वेंगुर्ल्याक_रवतंय
नोझलां बदलूची घाई करू नको रे दादा. आदी टर्बोचे पाईप बघ, मगे बाकीचा. पाईप वरसून चांगलो दिसता पण क्लिपीच्या खाली चिरलेलो आसता, गाडी उभी आसताना ती चीर मिटान ऱ्हवता आणि दाब इलो की उघडता. पाईप काढून हातान वाकवून बघ, खालच्या बाजून काळा ऑईल पसारलेला दिसला तर थंयच चीर आसा समज.

रत्नागिरी_किनारा
धन्यवाद दोघांनाही. पाईपला बाहेरून हात लावला, खालच्या वळणाला चिकट ऑईल आहे. पण गॅरेजवाला म्हणतो ऑईल आलंय म्हणजे टर्बोच गेलाय. आता नोझल की टर्बो, रोज नवीन नाव. आणि पाईप फाटलाय हे गाडी घाटात न नेता कळेल का?

पंप_नोझल_चिपळूण
कळेल. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरकडच्या तोंडाला बूच लावायचं, त्यातून कंप्रेसरने हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे फेस येईल तिथे लीक. दाब १ बार, म्हणजे १५ पीएसआयच्या वर अजिबात न्यायचा नाही, त्याच्यावर गेलं की सील उडतात. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर चालतो, फक्त रेग्युलेटर असलेला हवा.

पाईपात ऑईलचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या भागातली) वाफ तिकडेच जाते. वाटीभर ऑईल साठलेलं निघालं तर टर्बोचा विषय. तेव्हा इनलेटचा पाईप काढून, इंजिन थंड असताना, टर्बोच्या पंख्याचा शाफ्ट बोटाने हलवून बघा. बाजूला किंचित खेळ चालतो, पण पाती घराला घासत असतील किंवा शाफ्ट आतबाहेर हलत असेल तर टर्बो संपला. अशा टर्बोवर गाडी पळवत राहू नका. ऑईल इनटेकमध्ये ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑईलवर सुसाट पळतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. तसं कधी झालंच तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं, हे घरात जे जे गाडी चालवतात त्यांना सांगून ठेवा.

दुसरं, टर्बोवर त्याचा दाब कमीजास्त करणारी एक गोल डबी असते, तिला बारीक दांडा आणि काळी व्हॅक्यूमची नळी. कोणाला तरी गाडी स्टार्ट करायला सांगा आणि दांड्याकडे बघा, स्टार्टला ओढला गेला पाहिजे आणि बंद केल्यावर परत यायला हवा. काही मॉडेलला मोटरवाला असतो, तो स्कॅनरनेच हलवून बघावा लागतो. दांडा अर्धवट हलतो किंवा हलतच नाही तर नळी बघा. १० वर्षं जुनी रबरी नळी इंजिनच्या उष्णतेने टोकाला तडकते, ती बदलायला किरकोळ खर्च येतो आणि तिच्यापायी लोकांनी आख्खे टर्बो बदललेत.

कुंभार्ली_रोजचा
वरच्या भाऊंचं सगळं पटतं, पण किनाऱ्यावरच्या गाडीला अजून एक भानगड असते ती सांगतो. तुमची गाडी समुद्राजवळ उभी राहत असेल तर खारी हवा सेन्सरच्या कनेक्टरमध्ये जाते, पिनांवर हिरवं चढतं आणि रीडिंग चुकतं. बूस्ट सेन्सर, हवा मोजणारा सेन्सर आणि बॅटरीची अर्थिंगची पट्टी, जिथे ती बॉडीला बोल्टने धरलीय तिथे, एवढं तरी सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पाण्याचा प्रेशर गन इंजिनवर मारू देऊ नका, सर्व्हिसिंगवाले हमखास मारतात. पावसात उंदीर पण बॉनेटखाली येतात, वायर आणि त्या व्हॅक्यूमच्या नळ्या दोन्ही कुरतडतात.

ईजीआर व्हॉल्व्ह पण एकदा काढून बघा. काजळीने उघडाच अडकला तर सायलेन्सरकडचा धूर परत इंजिनात जातो आणि काळा धूर येतो, पण मग गाडी खालच्या आरपीएमला, गावातल्या रस्त्यावर पण सुस्त वाटते. तुमची तशी वाटत नाही म्हणून तो माझ्या मते मागे. डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पावसाळ्यात पाणी तळाला बसलेलं लगेच दिसतं.

आणि नोझलचीच शंका मनातून जात नसेल तर रिटर्न टेस्ट करून घ्या, चार नोझलच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) चार बाटल्यांत सोडून गाडी आयडलला ठेवायची, जी बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते तो नोझल गळका. मात्र रेलकडून येणाऱ्या लोखंडी पाईपचे नट चालू गाडीत कोणालाही सैल करू देऊ नका, तिथे शेकडो बारचा दाब असतो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते आणि हात गमवायची वेळ येते. जुने मिस्त्री जुन्या पंपाच्या सवयीने असं करायला जातात.

रत्नागिरी_किनारा
अपडेट. दुसऱ्या एका मिस्त्रीकडे नेली, त्याने ऐकून घेतलं आणि मला शेजारी उभं राहू दिलं. कोड पी ०२९९ च निघाला, फ्रीझ फ्रेममध्ये लोड जवळजवळ पूर्ण आणि आरपीएम २३०० च्या आसपास. साबणाच्या पाण्याने इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लिपखाली चांगली लांब चीर सापडली, वेंगुर्लेकर दादांनी सांगितली अगदी तशी. व्हॅक्यूमची नळी पण टोकाला तडकलेली, दांडा स्टार्टला अर्धाच ओढला जात होता, नळी बदलल्यावर पूर्ण जातो. टर्बोचा शाफ्ट घट्ट आहे, पाईपात ऑईलचा फक्त थर होता. दोन्ही मिळून मजुरीसकट खर्च काही हजारांत. बाबांना घेऊन परवा आंबा घाट चढलो, तिसऱ्या गिअरवर गाडी ओढत गेली, लाईट नाही, धूर नाही.

एकच राहिलंय. रिटर्न टेस्टला तीन नंबरची बाटली बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त भरली, दुप्पट वगैरे नाही. बदलू का?

पंप_नोझल_चिपळूण
खूप बरं वाटलं वाचून. तीन नंबर आत्ता बदलू नका. डिझेल फिल्टर नवीन टाका, चांगल्या खपाच्या पंपावरच डिझेल भरा आणि दिवाळीनंतर परत रिटर्न टेस्ट करा. फरक वाढलेला दिसला तर तेवढा एकच नोझल काढून बेंचवर तपासायला द्या, चारही नाहीत. नवीन किंवा दुरुस्त केलेला बसवला की त्या नोझलवर छापलेला त्याचा स्वतःचा कोड ईसीएममध्ये भरून घ्यायला विसरू नका, नाहीतर आयडलला थरथर सुरू होते आणि मग परत कोणीतरी हेड खोलायला सांगतो.