मतदान सोडलेल्यांसाठी: बूथमधली पट्टी आणि पेन्सिल

पिंपळपार (धागा सुरू करणारा)

दिवाळीत फराळाला घरी अकरा माणसं जमली होती. त्यातल्या सहा जणांनी जाहीर केलं की आता मतदान बंद. कारण सगळ्यांना पाठ आहे. २०१९ ला मत दिलं, मग पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले, दोन पक्ष फुटताना पाहिले, आणि ज्याला पाडायला रांगेत उभे राहिलो तोच आपल्या माणसाशेजारी बसलेला टीव्हीवर दिसला. मी वाद घातला नाही. चकली संपवली.

पण एक अनुभव आहे, तो इथे टाकतो. एका महापालिका निवडणुकीत ओळखीच्या उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून बसलो होतो. शाळेची खोली, दुसरीच्या पोरांचे बाक, गुडघे हनुवटीला. हातात मतदार यादी, एक पट्टी, एक पेन्सिल. अधिकारी नाव वाचतो, आपण पट्टी सरकवायची आणि नावावर रेघ मारायची. दुपारी दोनपर्यंत वस्तीची पानं रेघांनी काळी झाली होती. आमच्या सोसायट्यांची पानं कोरी, अगदी वहीसारखी. जेवायला बाहेर आलो तेव्हा टेबलावरच्या कार्यकर्त्याला म्हटलं, अरे, त्या सोसायट्यांत कुणाला तरी पाठव. तो पाण्याची बाटली तोंडाला लावत म्हणाला, "ते येत नसतात. पाच वर्षं आपण पण कुठे जातो त्यांच्याकडे?"

मत कोणाला दिलं हे गुप्त असतं. दिलं की नाही, हे नसतं. शिवाय लोकसभा-विधानसभेच्या निकालानंतर नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राचे आकडे छापून येतात, म्हणजे गल्लीगणिक हिशेब लागतो. घरी बसून आपण नेत्याला धडा शिकवतो असं वाटतं. त्याच्या लेखी फक्त आपला पत्ता स्वस्त होतो.

आणि मतांनी फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी २०२४ ची लोकसभा आठवावी. वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी आणि साकोली २०८ मतांनी ठरली. ४८ म्हणजे आमच्या एका विंगमधली माणसं.

सव्वानऊची_लोकल

पेन्सिल आवडली. ४८ मात्र उलट्या बाजूने वाचून बघा. वायकरांना ४ लाख ५२ हजार, हरलेल्या अमोल कीर्तिकरांनाही ४ लाख ५२ हजार. म्हणजे साडेचार लाख माणसं २० मेच्या उन्हात घामाघूम होऊन उभी राहिली आणि हाती भोपळा. मी गेलो असतो तर फरक ४७ झाला असता, नाहीतर ४९. आता कृपया १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं ते सांगू नका. ते मत खासदाराचं होतं, माझं नव्हतं.

माझा प्रश्न साधा आहे. मी चिन्ह बघून मत दिलं. माणूस चिन्हासकट पलीकडे गेला. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली आणि अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल यायला १० जानेवारी २०२४ उजाडला. मग मी मत दिलं होतं ते नक्की कोणाला?

पिंपळपार

याला माझ्याकडे उत्तर नाही. फुटीचा राग खरा आहे आणि मतपेटीने तो पूर्ण फिटत नाही, हे मान्य. पण विधानसभा वर राहू द्या, खाली वॉर्डात या. २०१७ ला मुंबईच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर, दोघांनाही ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी टाकून निकाल लावला. त्या प्रभागात त्या दिवशी दुपारी "जाऊ दे" म्हणून लोळलेला कोणीतरी एक माणूस असणारच.

सव्वानऊची_लोकल

वॉर्ड म्हणालात ते बरं झालं. मार्च २०२२ ला मुंबई-पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. मी मत द्यायला तयार होतो, निवडणूकच नव्हती. मतदार निराश झाला म्हणता, आधी मतदानच निराश झालं.

नोटा_तो_नोटा

+१. माझा पर्याय नोटा, म्हणजे मशिनवरचं 'यांपैकी कोणीही नाही' हे बटण. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन दुसरा आला. पलूस-कडेगावातही दुसरा. जाऊन नाही म्हणणं हे घरी बसण्यापेक्षा शंभरपट बरं.

गुरुजी_ड्युटीवर

दोन्ही ठिकाणी पहिला आलेला आरामात आमदार झाला, हेही लिहा. विधानसभेला नोटा पहिला आला तरी काही बिघडत नाही, पुढचा उमेदवार निवडून येतो. खरी गंमत आपल्याकडच्या महापालिका-नगरपालिकेच्या निवडणुकीत आहे. राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे, तिथे नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. म्हणजे तुमच्या नोटाला दात आहेत ते वॉर्डात. आणि तिथेच तुम्ही लोक येत नाही.

उसाचा_फड

गुरुजी, सगळं ठीक, पण मशिनचं काय? आमच्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. आमदार त्यांच्याच पसंतीचा निवडून आला होता, तरी गावच्या आकड्यात तो मागे कसा, एवढंच त्यांना बघायचं होतं. प्रशासनाने जमावबंदी लावून बंद पाडलं. एवढं घाबरायचं कारण काय?

गुरुजी_ड्युटीवर

बंद पाडलं ते मलाही रुचलं नाही. मशिनबद्दल मी जे हाताने करतो तेवढंच सांगतो. पहाटे साडेपाचला एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे चाचणी, निदान ५० मतं. ती मोजून दाखवायची, मशिन रिकामं करायचं, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या काढून पाकिटात सील, मग सातला दार उघडायचं. संध्याकाळी नमुना १७-सी वर एकूण मतांचा आकडा लिहून प्रत एजंटच्या हातात. किती वेळा ती प्रत घ्यायला कोणी नसतं, माहितेय? पहाटे तर पक्षांचे एजंट डोळे चोळत येतात, नाहीतर येतच नाहीत. संशय सगळ्यांना, साडेपाचला उठायचं कोणालाच नाही.

पिंपळपार

मारकडवाडीचं एक वेगळं दिसतं मला. आपल्या केंद्रावर कोणाला किती पडली हे त्या गावाला तोंडपाठ होतं, आणि आकडा पटला नाही म्हणून त्यांनी पुन्हा मत द्यायची तयारी केली. ही निराश माणसं नव्हेत. आमच्या सोसायटीत आमचा केंद्र क्रमांक कोणाला विचारून बघा.

जतचा_सध्या_हिंजवडी

निराश वगैरे काही नाही, सुट्टीचा प्रश्न आहे. नाव गावाला, नोकरी इथे. मतदानाची सुट्टी एक दिवसाची, प्रवासातच दोन जातात.

गुरुजी_ड्युटीवर

पत्ता बदलायचा नमुना ८ भरा, नाव इकडे येईल.

जतचा_सध्या_हिंजवडी

गावातलं नाव काढलं तर आजोबांना वाटेल जमीन पण विकली.

सव्वानऊची_लोकल

"ते येत नसतात" या त्या कार्यकर्त्याच्या वाक्यावरून झोप लागेना, म्हणून रात्री यादी उघडली. म्हटलं, बघू तरी, न येणाऱ्यांच्या पानावर आपण कुठे बसतो. माझं नाव आहे, आडनावाला एक काना जास्त. वडील जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचं अजून आहे, वय वाढत चाललंय. बायको लग्नाआधी डोंबिवलीच्या यादीत होती म्हणते. ती ना तिथे सापडली, ना इथे.

गुरुजी_ड्युटीवर

वहिनींसाठी नमुना ६. वडिलांसाठी ७, मृत्यूचा दाखला जोडा. तुमच्या कान्यासाठी ८. मुदत बघून भरा, यादी एकदा गोठली की बूथवर ओळखपत्र नाचवून काही होत नाही. दर वेळी दहा-पंधरा जण आमच्यावर ओरडून परत जातात.

सव्वानऊची_लोकल

म्हणजे तीन फॉर्म. भरतो. पण मत देणार नाही हे अजून कायम आहे, सांगून ठेवतो.

पिंपळपार

चालेल. वहिनींना विचारलंत का?

सव्वानऊची_लोकल

तिने केंद्र कुठली शाळा आहे ते पण बघून ठेवलंय.